मदतीच्या नावावर गेम बनवणाऱ्या सगळ्या ॲपवाल्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र हिंजवडीत, बाणेरला, बंगळुरूत आणि तिकडे अमेरिकेत बसून ॲप बनवणाऱ्या आपल्या पोरापोरींना आहे, त्यातही ज्यांच्या ॲपमध्ये "१०,००० पावलं चाला, एका मुलाला जेवण मिळेल" किंवा "सलग सात दिवस लॉगिन करा, आम्ही एक झाड लावू" असलं काहीतरी असतं त्यांना. आणि कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा खर्च बघणाऱ्या टीमला पण आहे, कारण यातला पैसा बऱ्याचदा तिकडून येतो.

आधीच सांगते, मी या प्रकाराच्या विरोधात नाहीये, उलट मला हे मनापासून आवडतं. नुसत्या पॉइंटसाठी माणूस चार दिवस खेळतो आणि कंटाळतो, पण आपल्या खेळण्याने कुणाचं तरी भलं होतंय म्हटल्यावर तोच माणूस भर पावसात बूट घालून चालायला बाहेर पडतो, हे मी ऑफिसात बघितलंय, सोसायटीत बघितलंय, घरात पण बघितलंय. म्हणूनच लिहितेय. एवढी मोठी ताकद तुमच्या हातात आहे आणि तिचा हिशोब तुमच्याकडे कुणीच मागत नाही.

आमच्या वयाच्या बऱ्याच जणांना हा प्रकार पहिल्यांदा फ्रीराइसमुळे कळला. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन ब्रीन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने ती साइट सुरू केली. इंग्रजी शब्द यायचा, खाली चार पर्याय, बरोबर ओळखलं की तांदळाचे दाणे मिळणार आणि ते पडद्यावरच्या वाडग्यात पडताना दिसायचे. पैसे जाहिरातींतून यायचे. २००९ मध्ये त्याने ती अख्खी साइट संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला देऊन टाकली. बरीच वर्षं एका बरोबर उत्तराला १० दाणे असा हिशोब होता. आता गणित करून बघा, एका ग्रॅममध्ये साधारण ४८ दाणे बसतात, एका माणसाचा दिवसाचा तांदूळ ४०० ग्रॅम धरला तर झाले १९,२०० दाणे, म्हणजे १,९२० उत्तरं बरोबर आली तर एका माणसाचं एक दिवस भागणार. आकडा बघून काही जण हिरमुसतात, एवढं करून एवढंच? पण मला त्यातलं तेच सगळ्यात जास्त पटतं. त्यांनी माप लहान ठेवलं. दहा दाणे म्हणाले आणि कुणालाही घरी बसून हिशोब करता येईल असं म्हणाले. आणि समजा दाणे बाजूला ठेवले तरी पोराचे शब्द पाठ झाले, ते कुठे गेले नाहीत.

आता तुमच्या ॲपकडे येऊ. मला वाटतं तुमच्या या धंद्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली चालतात आणि युजरला त्यातला फरक कुणी सांगत नाही.

एका प्रकारात खेळणाऱ्याचं कामच मदत असतं. फोल्डिट घ्या. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या लॅबने आणि तिथल्याच कॉम्प्युटरवाल्यांनी मिळून हा गेम काढला, प्रोटीनची घडी पडद्यावर ओढून-वळवून नीट बसवायची, जितकी चांगली बसेल तितका स्कोअर. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूचं एक एन्झाइम होतं, त्याची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ सापडत नव्हती, ती २०११ मध्ये या खेळाडूंनी तीन आठवड्यांत काढून दिली, आणि त्यांच्या गटांची नावं शोधनिबंधात लेखक म्हणून छापली गेली. घरी बसून गेम खेळणाऱ्या माणसांची! याच बेकर यांना पुढे २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते प्रोटीन डिझाइनच्या कामासाठी. किंवा २०१६ चा सी हिरो क्वेस्ट, मोबाइलवर होडी चालवायची, वाट लक्षात ठेवायची, आणि त्यातून डिमेन्शियाच्या संशोधकांना कळणार की कुठल्या वयात, कुठल्या देशात माणसाची दिशा ओळखायची क्षमता कशी असते. ४० लाखांवर लोक तो खेळले, एवढी माणसं कुठल्या लॅबमध्ये बोलावणार तुम्ही?

मी स्वतः मिसिंग मॅप्सच्या मॅपॅथॉनला जाऊन बसलेय. रेडक्रॉस, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या मोफत नकाशाच्या मंडळींनी २०१४ मध्ये हे सुरू केलं. उपग्रहाच्या फोटोचा एक चौकोन तुमच्या वाट्याला येतो, त्यातली घरं आणि रस्ते नकाशावर काढायचे, मग दुसरा अनुभवी माणूस ते तपासतो. जिथे नकाशाच नाही तिथे लस घेऊन जाणारी गाडी जाणार कशी, म्हणून हे काम. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला तेव्हा जगभरातल्या हजारो लोकांनी असंच घरबसल्या नकाशे भरून दिले होते. तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की हा चौकोन मी नाही भरला तर दुसरं कुणीतरी भरेपर्यंत तो रिकामाच राहणार आहे.

दुसरा प्रकार म्हणजे तुमचं स्टेप चॅलेंज. माझ्या चालण्याने कुणाचं जेवण शिजत नाही. जेवणाचे पैसे स्पॉन्सर देतो, माझी पावलं फक्त मोजली जातात. यात वाईट काहीच नाही, माझी तब्येत सुधारते, कुणाला तरी जेवण मिळतं, स्पॉन्सरचं नाव होतं. पण मग एक प्रश्न येतो आणि तोच विचारायला हे पत्र लिहितेय. मी नाही चालले तर त्या मुलाचं जेवण कमी होणार आहे का?

आमच्याकडे मागे असंच एक चॅलेंज झालं, कंपनीचं नाव घेत नाही. लोक वेड्यासारखे चालत होते, एक जण तर गुडघा दुखत असताना रात्री पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचा, का तर टीमचं टार्गेट राहिलं तर पोरांच्या वह्या कमी पडतील. नंतर कळलं की वह्यांची रक्कम चॅलेंज सुरू व्हायच्या आधीच ठरलेली होती आणि संस्थेला कबूल करून झालेली होती, कुणी एक पाऊल चाललं नसतं तरी वह्या तेवढ्याच जाणार होत्या. रिक्षाचं भाडं आधीच ठरवून घ्यायचं आणि वर मीटर पण पळत ठेवायचं, तसं झालं हे. त्या माणसाला कुणी खोटं बोललं का, तर थेट नाही. पण त्याला जे वाटत होतं ते खरं नव्हतं, आणि ते तसं वाटावं म्हणूनच तो स्क्रीन बनवलेला होता.

आणि आपल्या देशात तर हा मुद्दा अजून जास्त महत्त्वाचा आहे, कारण इथे कायदा आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. २०१४ च्या एप्रिलपासून हे लागू आहे. खर्च नाही झाला तर ते पैसे गुपचूप परत खिशात जात नाहीत, ठरलेल्या सरकारी फंडात भरावे लागतात, किंवा काम चालू असेल तर वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. म्हणजे तुमच्या चॅलेंजचा स्पॉन्सर जर हा सीएसआरचा पैसा वापरत असेल तर तो पैसा कुठल्या ना कुठल्या चांगल्या कामाला जाणारच होता, मग माझ्या घामाचं त्यात नक्की काय? आणि २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलंय की आपल्या मालाचं मार्केटिंग व्हावं म्हणून स्पॉन्सरशिप दिली तर ती सीएसआर धरायची नाही. तेव्हा सीएसआरवाल्यांनो, ज्या ॲपवर तुमचा लोगो एवढा मोठा झळकतोय तो खर्च तुम्ही कुठल्या खात्यात टाकलाय, हे एकदा तुमच्या सीएला नीट विचारा.

काही जण म्हणतील, बाई, एवढं कशाला कुरकुरताय, लोक चालतायत ना, वह्या मिळतायत ना. मिळतायत. पण लोकांची मदत करायची इच्छा ही काही न संपणारी गोष्ट नाही. संध्याकाळी "आज मी कुणासाठी तरी काहीतरी केलं" असं वाटून झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी खरंच कुणी मदत मागायला दारात आलं तर म्हणू शकतो की माझं झालंय. ती जागा तुम्ही भरलेली असते, म्हणून ती खऱ्या गोष्टीने भरा एवढंच.

चीनमधलं उदाहरण देते, कारण आकाराने एवढं मोठं दुसरं मला माहीत नाही. अलीपे या पैसे भरायच्या ॲपने २०१६ मध्ये अँट फॉरेस्ट काढलं. चाललात, बिल ऑनलाइन भरलंत, की हिरवी एनर्जी मिळते, त्यावर ॲपमधलं झाड वाढतं, पुरेशी एनर्जी जमली की तुमच्या नावाने कोरड्या भागात, इनर मंगोलियासारख्या ठिकाणी खरं झाड लावतात. तिथलं सॅक्सॉलचं झाड १७.९ किलो एनर्जीला मिळायचं (ही एनर्जी वाचवलेल्या कार्बनच्या वजनात मोजतात). २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना पुरस्कार दिला. लावलेल्या झाडांचा परिसर ॲपवर बघायची सोय केली हे मला फार चांगलं वाटलं. पण त्याच ॲपमध्ये मित्राची एनर्जी त्याने गोळा करायच्या आत तुम्ही उचलून नेऊ शकता, त्यामुळे लोक पहाटेचे अलार्म लावून उठायला लागले, मित्राच्या एनर्जीवर डल्ला मारायला. वाळवंटात झाड वाढावं म्हणून उठतायत का मित्राच्या आधी पोचायचं म्हणून? उठणाऱ्याला स्वतःला तरी सांगता येईल का?

१९७३ चा एक जुना प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा, स्टॅनफर्डच्या बालवाडीतला. ज्या पोरांना स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर रिबन लावलेलं छान सर्टिफिकेट मिळेल. मिळालं पण. नंतर काही दिवसांनी परत स्केचपेन समोर ठेवले तर त्या पोरांनी इतरांच्या जवळपास निम्मा वेळच चित्रं काढली. आवडीने होत होतं त्यावर बक्षीस लावलं आणि आवडच कमी झाली. मदत करायची इच्छा पण आवडीसारखीच असते हो, तिच्यावर बॅज चिकटवताना दहादा विचार करा. मॅपॅथॉनमध्ये पण हे दिसतं, कुणी किती घरं काढली याचीच चढाओढ लागली की लोक झाडाची सावली पण घर म्हणून काढून मोकळे होतात आणि तपासणारा माणूस रात्री बसून ते पुसतो.

आणि आपल्याकडची रक्तदान शिबिरं बघा ना. पैसे घेऊन रक्त द्यायला १ जानेवारी १९९८ पासून देशात बंदी आहे, कारण पैशाची गरज असलेला माणूस आपला आजार लपवतो आणि ते रक्त घेणाऱ्याच्या जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते, रक्त स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय दिलेलंच हवं. तरी चौकात बॅनर असतात, रक्तदान करा आणि हेल्मेट मिळवा, बॅग मिळवा, जेवणाचा डबा मिळवा. गर्दी होते यात वाद नाही. पण फॉर्मवर "मागच्या काही महिन्यांत कावीळ झाली होती का" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं की हेल्मेट घ्यायचं, असा पेच रांगेतल्या माणसापुढे आपणच उभा करतो.

म्हणजे स्पर्धाच वाईट असं मी म्हणतेय का? अजिबात नाही. महाराष्ट्राला तर स्पर्धेतून चांगलं काम करून घ्यायची जुनी सवय आहे. २०००-०१ मध्ये आर. आर. आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, गावागावांत बक्षिसासाठी चुरस लागली आणि माणसं हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरली. २००७ ला तंटामुक्त गाव. आणि मग वॉटर कप, गावागावांतली पाणी अडवायची-जिरवायची स्पर्धा, ज्याच्याबद्दल मला तुमच्याशी सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या कुठल्याही डिझाइनरला शिकण्यासारखं त्यात खूप आहे.

पाणी फाउंडेशनने २०१६ ला पहिला वॉटर कप घेतला तेव्हा तीनच तालुके होते, अमरावतीतलं वरूड, साताऱ्यातलं कोरेगाव, बीडमधलं अंबाजोगाई, मिळून ११६ गावं. दोन वर्षांत ७५ तालुके झाले. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव जिंकलं, ५० लाखांचं बक्षीस, पुढच्या वर्षी वर्ध्याकडचं काकडदरा, मग माणमधलं टाकेवाडी, २०१९ ला बार्शीतलं सुर्डी. आता यातलं डिझाइन बघा. स्पर्धेच्या आधी गावातल्या माणसांना ट्रेनिंग, पाणी कसं मुरतं, सलग समतल चर (उताराला आडवा, एका पातळीत खोदलेला) कुठे घ्यायचा, उतार कसा मोजायचा. म्हणजे खेळाडूला आधी शिकवलं, मग खेळायला लावलं. मार्क नुसत्या खोदण्याला नव्हते, शोषखड्डे, रोपवाटिका, माती परीक्षण, पाण्याचं बजेट, कामाची क्वालिटी, सगळ्याला होते, कारण ज्याला मार्क असतात तेच होतं हे त्यांना माहीत होतं. मुदत ४५ दिवस, कडक उन्हातले, आणि शेवटच्या दिवशी रात्री संपलं म्हणजे संपलं. कुणालाही रोज नोटिफिकेशन पाठवून वर्षभर अडकवून ठेवलं नाही, पावसाळ्यात माणसाला आपापल्या शेतात जायचं असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जो घाम गाळत होता त्याच्याच गावात पाणी येणार होतं. हरलेल्या गावाचे चर पण गावातच राहिले. १ मेच्या महाश्रमदानाला आम्ही पुण्यातून बस करून गेलो होतो, आमच्या हातून काय फार खोदलं गेलं नाही, गावातल्या आजीबाई आमच्या दुप्पट वेगाने पाट्या उचलत होत्या, पण तिथे आम्हाला कुणी "तुम्ही या गावाला वाचवलं" असं म्हणालं नाही. म्हणाले, आलात बरं वाटलं, तो तिकडचा बांध घ्या. जेवढं केलं तेवढंच आमच्या नावावर.

त्यालाही मर्यादा होत्या, त्या पण बोलूया. चर खोदून पाऊस पडत नाही. २०१८ ला पावसाने दगा दिला, ऑक्टोबरमध्ये राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर करावे लागले, त्यात उन्हाळाभर राबलेली गावंही होती. खालचा खडक कसा आहे यावर पण सगळं असतं. पण तिथे निदान माणूस स्वतःच्या विहिरीत डोकावून बघू शकत होता की पाणी आलं की नाही. तुमच्या ॲपच्या युजरला डोकावायला विहीरच नाही. त्याला तुमच्या स्क्रीनवर जे दिसेल तेवढंच त्याचं सत्य, म्हणून तुमची जबाबदारी त्या गावकऱ्यांच्या पंचांपेक्षा मोठी आहे.

अजून एक, आणि हे जरा रागाने लिहितेय. तीन दिवस ॲप उघडलं नाही की "रानी आज उपाशी झोपेल" अशा धाटणीचा मेसेज, सोबत डोळ्यांत पाणी असलेल्या मुलीचा फोटो. हे बंद करा. त्या मुलीला कुणी विचारलं का, तिच्या आईबापाला विचारलं का, की तुमच्या लेकीचा चेहरा आम्ही लोकांना ॲपवर परत आणायला वापरणार आहोत? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवून-अडकवून हवं ते करायला लावणाऱ्या स्क्रीनच्या युक्त्यांवर, मार्गदर्शक सूचना काढल्या, १३ प्रकार दिलेत. ग्राहकाने नाही म्हटलं की त्याला लाजवायचं, हा त्यातला एक, आणि न विचारता बिलात देणगी घुसवायची, हा पण त्यातच येतो. म्हणजे दानाच्या नावाखाली केलेली जबरदस्ती ही जबरदस्तीच, हे आता सरकारी कागदावर आहे. स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी, तुटली म्हणून मूल उपाशी, ही त्याच्याच घरातली गोष्ट आहे.

माझं मागणं फार नाही. चॅलेंजच्या पहिल्याच स्क्रीनवर, खाली बारीक अक्षरात नाही, वर ठळक लिहा की स्पॉन्सरने एकूण किती रक्कम कबूल केलीय, ती कायद्याच्या २ टक्क्यांतली आहे की त्याच्या वरची, आणि लोक कमी चालले तर ती कमी होणार आहे की नाही. होणार नसेल तर सरळ लिहा, "वह्या जाणारच आहेत, तुम्ही तब्येतीसाठी आणि सोबतीसाठी चाला". बघा लोक चालतात की नाही, मला खात्री आहे चालतील. टार्गेट पूर्ण झालं की मोजणं थांबवा आणि तसं सांगा. दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज पाठवा की कुठल्या संस्थेला किती गेलं, काय झालं, काय नाही झालं. आणि जमेल तिथे पैशाचं मीटर सोडून खरं काम द्या. तुमच्याकडे लाखो माणसं रोज फोन हातात घेऊन बसलेली आहेत, त्यातल्या निम्म्यांना मराठी वाचता येतं असं धरा, अंधांसाठी मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम आहे, जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं विकिस्रोतावर तपासून टाइप करायचं काम आहे, नकाशातले चौकोन तर पडलेलेच आहेत. त्याला लावा की लेव्हल आणि बॅज, माझी काही हरकत नाही, फक्त मार्क किती केलं याला कमी आणि किती बरोबर केलं याला जास्त ठेवा.

दिवाळीच्या आसपास तुमची नवीन चॅलेंजेस येतात, त्याच्या आधी तुमच्या टीममध्ये हे पत्र एकदा वाचा. स्पॉन्सरला तो आकडा स्क्रीनवर नको असेल तर का नको ते विचारा, आणि त्याने जे उत्तर दिलं ते आम्हालाही कळवा.

तुमचीच एक युजर,
पुणे